कुठले जाधव?

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात हजेरी घेताना ‘जाधव’ आलं की मी पूर्ण नाव उच्चारते. नुसतं आडनाव घेतलं तर एकाच वेळी चार-पाच ‘प्रेझेंट मॅडम’ येतात. दाखल्यांवर पाहिलं तर त्यात एक मराठा, एक बौद्ध, एक नांदगावकडचा बंजारा, एखादी धनगराची पोर. म्हणून ‘जाधव’ सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: “कुठले जाधव?” विचारणाऱ्याला गावाशी घेणंदेणं नसतं, त्याला जात हवी असते. भाड्याने घर बघताना तर हमखास. मी हट्टाने गावच सांगते. सिन्नरचे. लग्न होऊन मला पंचवीसेक वर्षं झाली, कागदोपत्री आडनाव बदललं, तरी हा प्रश्न माहेरच्या नावाचा पाठलाग सोडत नाही.

सिन्नर म्हटलं की आमचे अण्णाकाका ताठ बसतात. त्यांच्या मते आम्ही थेट देवगिरीच्या यादवांचे. बोलायला जागा आहे, नाही असं नाही. देवगिरीला जाण्याआधी यादवांचं बस्तान आपल्याच नाशिक जिल्ह्यात होतं. आद्य यादव राजा दृढप्रहाराचं चंद्रादित्यपूर म्हणजे चांदवड आणि त्याच्या मुलाचं, सेउणचंद्राचं, सेउणपूर म्हणजे सिन्नर, असं इतिहासकार मानतात. अंजनेरीच्या जैन मंदिरात सेउणचंद्र तिसरा याच्या काळातला शके १०६३ चा शिलालेख आहे. चंद्रप्रभाच्या देवळाला दिलेल्या दानाचा. सिन्नरचं यादवांच्या काळातलं गोंदेश्वराचं देऊळ तर शाळेच्या सहलीत सगळ्यांनीच पाहिलेलं. आणि ‘यादव’चं ‘जाधव’ होणंही आपल्या भाषेच्या वळणातलंच, यात्रेची जत्रा झाली तसं.

पुढे अण्णा द्वारकेपर्यंत जातात. यादव द्वारकेहून दक्षिणेत आले ही वंशकथा हेमाद्रीने लिहून ठेवली आहे, आणि हेमाद्री हा यादवांच्याच पदरी असलेला मंत्री. पगार देणाऱ्याची वंशावळ कोण साधी लिहील? नाशिककर जाधवांची खरी द्वारका म्हणजे मुंबई-आग्रा हायवेवरचं द्वारका सर्कल, जिथे सिग्नलला अडकून निम्मं आयुष्य जातं.

पण अण्णांचा पुरावा कच्चा आहे तो दुसऱ्याच कारणाने. यादवांचं राज्य अलाउद्दीन खिलजीच्या स्वारीने १२९६ मध्ये मोडकळीला आलं आणि १३१८ च्या सुमारास हरपालदेवाबरोबर संपलं. त्यानंतर ठसठशीत दिसतात ते सिंदखेडराजाचे लखुजी जाधवराव, जिजाऊंचे वडील, ज्यांचा १६२९ मध्ये दौलताबादला दरबारातच घात झाला. मधल्या तीनशे वर्षांत सामान्य कुणबी घरात कोण कोणाचा, हे कोण लिहून ठेवतंय? जुन्या मोडी कागदांत साध्या माणसाला बहुतेक वेळा नाव, बापाचं नाव आणि गाव एवढंच असतं: अमका बिन तमका. पाटील असला तर पाटील, कुंभार असला तर कुंभार. नाव, वडिलांचं नाव, आडनाव ही तीन खणांची पेटी घरोघरी पक्की झाली ती इंग्रजी अमदानीत, शाळेच्या रजिस्टरात, पलटणीत, जमिनीच्या कागदांत. त्या वेळी कोणी कुळाचं नाव सांगितलं, कोणी गावाचं, कोणी ज्याच्या पदरी होतो त्या सरदाराचं. बंजाऱ्यांमधल्या वडतिया गोताची माणसं महाराष्ट्रात जाधव लिहितात. एकाच आडनावाला वेगवेगळ्या वाटांनी माणसं येऊन मिळालेली आहेत, आणि त्यातली एक वाट खरी, बाकीच्या उसन्या, असं म्हणायला मी तयार नाही.

हे सगळं मी घरी बोलून दाखवत असेच. मग दादाच्या मुलाने, तो पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, वडिलांच्या वाढदिवसाला डीएनए चाचणीचा संच मागवला. नळीत थुंकायचं आणि पाठवून द्यायचं. दादाला अर्धा तास तोंडाला थुंकीच येईना. वहिनीने शेवटी समोर कैरी चिरून ठेवली, तेव्हा नळी भरली.

थुंकायला दादाच का, मी का नाही, हे मी बारावीला शिकवते. वाय गुणसूत्र बापाकडून फक्त मुलाकडे जातं, जवळजवळ जसंच्या तसं. आपल्याकडे आडनावही तसंच जातं. म्हणून आडनावाचा माग काढायचा तर वाय गुणसूत्र बघायचं. माझ्याकडे ते नाही. माझ्याकडे आईकडून आलेला मायटोकॉन्ड्रियाचा धागा आहे, तोच दादाकडेही आहे, आणि त्याच्या नळीतून तो ‘एम’ गटाचा निघाला. भारतातल्या निम्म्याहून जास्त लोकांचा तोच असतो आणि त्याची मुळं पन्नास-साठ हजार वर्षांपूर्वी इथे आलेल्या पहिल्या माणसांपर्यंत जातात. दिंडोरीकडच्या माझ्या आजोळाला हे ऐकून काडीचंही नवल वाटलं नाही. “आम्ही इथलेच आहोत, हे आम्हाला माहीत आहे,” असं मामी म्हणाली.

दादाचा वाय गट आला ‘एच’. अण्णांनी विचारलं, “म्हणजे यदुवंशी?” म्हटलं, अण्णा, एच हा भारतीय उपखंडातला जुना गट. तो आदिवासींमध्ये आहे, शेतकरी जातींमध्ये आहे, उत्तरेत आहे, दक्षिणेत आहे. उपखंडाबाहेर तो ठळकपणे सापडतो तो युरोपातल्या रोमा लोकांमध्ये, कारण त्यांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी इथूनच गेले. अण्णा थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “म्हणजे भाऊबंद रुमानियात निघाले. जमिनीवर हक्क सांगायला नाही आले म्हणजे मिळवलं.”

यदुवंशी की नाही, हे कुठलीच चाचणी सांगू शकत नाही, हे मात्र त्यांना पटवायला वेळ लागला. ताडून बघायला यादव राजाचं काही हवं ना! आपल्याकडे राजालाही अग्नी देतात, हाडं उरत नाहीत. आणि हाडं सापडली तरी काय होतं, ते इंग्लंडात दिसलं. लेस्टरला २०१२ मध्ये एका पार्किंगखाली राजा तिसरा रिचर्ड सापडला. बायकांकडून उतरत आलेल्या नात्यातल्या माणसांशी त्याचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए जुळला. पण कागदोपत्री पुरुषाकडून पुरुषाकडे आलेल्या वंशजांशी त्याचं वाय गुणसूत्र जुळलं नाही. मधे कुठल्या तरी पिढीत बाप दुसराच होता. राजघराण्याची ही कथा, तर आपण कोण.

तिकडे आडनावांवरही काम झालंय. सन २००० मध्ये ब्रायन साइक्स या शास्त्रज्ञाने आपल्याच आडनावाच्या पुरुषांचे नमुने घेतले, तर जवळपास निम्म्यांचं वाय गुणसूत्र एकाच ठशाचं निघालं. पण ते तुलनेने कमी आढळणारं आडनाव. स्मिथसारख्या आडनावात असं काही सापडत नाही, कारण गावोगावचा लोहार स्वतंत्रपणे स्मिथ झाला. जाधव हा आपला स्मिथ आहे. दोन अनोळखी जाधवांचं वाय गुणसूत्र जुळलं तरच आश्चर्य.

एवढ्यावर विषय मिटला असता. पण वडिलांच्या वर्षश्राद्धाला आम्ही गंगेवर गेलो, तेव्हा विधी झाल्यावर मी गुरुजींना म्हटलं, आमच्या गावची वही बघायची आहे. (नाशिकबाहेरच्यांसाठी: आम्ही गोदावरीला गंगा म्हणतो.) रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान् पिढ्यांच्या नामावळ्या असतात. आधी तालुका, मग गाव, मग कूळ. लाल कापडाचं बासन सुटलं, आडव्या लांब वह्या निघाल्या. वडिलांची सही बॉलपेनची, आजोबांची टाकाची, त्याआधी अंगठे. आणखी मागे गेल्यावर मोडी. पानांच्या कडा तंबाखूच्या रंगाच्या झालेल्या, आणि घोटून घोटून गुळगुळीत. गुरुजी बोटाने ओळ धरून सरसर वाचत होते, शके १८०२ शी थांबले. खापरपणजोबा सखाराम आलेले, मामाच्या अस्थी घेऊन. पुढे लिहिलेलं: “मूळ शिंदे, मामा निपुत्रिक सबब घरी ठेविले.”

दादा म्हणाला, “परत वाचा.” गुरुजींनी परत वाचलं.

म्हणजे असं: जाधवांना मुलगा नव्हता. त्यांच्या बहिणीचा मुलगा, शिंद्यांचा, मामाकडे राहिला, मामाची जमीन कसू लागला आणि मामाचं नाव लावू लागला. सखारामाच्या मागचा बाप शिंदे. दादाच्या नळीतून निघालेला ‘एच’ त्या शिंद्यांचा. आमच्यात जाधवांचं जे काही आहे ते सखारामाच्या आईकडून आलंय. त्या पिढीत आम्हाला एकूण बत्तीस पूर्वज, त्यातली ती एक. सरासरीने तीन टक्के. ते तीन टक्के माझ्याकडेही आहेत, दादाकडेही, आणि वाय गुणसूत्रावर त्यांचा मागमूस नाही. तिचं नाव वहीत नाही. मामाचं आहे, नवऱ्याचं आहे, मुलाचं आहे.

अण्णांना सांगायची जबाबदारी माझ्यावर आली. मला वाटलं होतं चिडतील. ते म्हणाले, “मामाचं घर म्हणजे काय परकं असतं?” आणि चहा मागवला. खरं आहे. जमीन मामाची, कुलदैवत मामाचं, लग्नात बसवायचं देवकही मामाचंच आलं. आमच्याकडे पंचपल्लव, म्हणजे पाच झाडांची पानं, लागतं, ते सखारामाने इथे येऊन घेतलं असणार. देवक जुळलं तर सोयरीक होत नाही, ही जुन्या लोकांची रक्ताचं नातं टाळायची युक्ती. इथे देवक एका घराण्याचं, रक्त दुसऱ्याचं.

खरा धक्का बसायचा होता तो वहिनीमुळे. वहिनी माहेरची शिंदे, निफाडकडची. दादाने तिच्यासमोर वहीची गोष्ट सांगितली तेव्हा ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, “म्हणजे मी माहेरातून माहेरातच आले म्हणा. मग तुमच्या आईने तीस वर्षं मला सासुरवास कशाचा केला?”

शिंदे हेही काही एका बापाचे नाहीत. जाधवांना जे लागू तेच त्यांना. तरी दादाला आता चैन पडत नाही. सखारामाच्या बापाचं गाव कुठलं ते त्याला शोधायचंय. आमच्या वहीत ते लिहिलेलं नाही, आणि गाव कळल्याशिवाय शिंद्यांची वही उघडता येत नाही. अण्णांना अंधुक आठवतं की त्यांची आजी वणीच्या यात्रेला जाताना वाटेत ‘जुन्या घरी’ मुक्काम करायची. सिन्नरहून वणीच्या वाटेवर गावं काय कमी आहेत? त्या बाजूच्या काही गावांच्या वह्या दुसऱ्या गुरुजींकडे आहेत, ते पंचवटीतच राहतात. पितृपक्षात त्यांना डोकं वर काढायला सवड नसते. दिवाळीनंतर या, म्हणालेत.