तुम्ही विचारलंत म्हणून: इसेन्स कोणता वापरता?

केक खाऊन होतो, बशीत उरलेलं क्रीम बोटाने निपटून घेतलं जातं आणि मग प्रश्न येतो, "इसेन्स कोणता वापरता हो?" चहाचा वास असलेलं फ्रॉस्टिंग असो, कॉफीचं असो किंवा खरपूस बटरचं, प्रश्न हाच. मी उभ्याउभ्या "कुठलाच नाही" म्हणते आणि समोरच्याला वाटतं, ही सांगायचं टाळतेय. टाळण्यासारखं यात काहीच नाही. फक्त दारात उभं राहून दोन वाक्यांत सांगता येत नाही, म्हणून एकदा बसून लिहितेय.

आधी बटरकडे बघू. बटरमध्ये साधारण 80 टक्के स्निग्धांश आणि 16 ते 18 टक्के पाणी असतं. ते पाणी अगदी बारीक थेंबांच्या रूपात स्निग्धांशात अडकून बसलेलं असतं. बटरक्रीम, म्हणजे केकवर लावायचं बटर-साखरेचं क्रीम, फेटताना आपण त्यात वरून रस, कोरी कॉफी, चहा असं काही ओततो, तेव्हा आणखी पाणीच घालत असतो. थोडंफार बटर सांभाळून घेतं, पण त्याच्या ऐपतीबाहेर गेलं की क्रीम फाटतं. म्हणजे ज्या प्रमाणात चव लागायला हवी, त्या प्रमाणात पाणी चालत नाही. म्हणून माझा नियम एकच: चव पाण्यातून आणायची नाही. ती स्निग्धात मुरवायची, नाहीतर कोरडी पूड करून घालायची.

हे मला स्ट्रॉबेरीने शिकवलं. सुरुवातीला मी ताजी फळं मिक्सरमधून काढून त्यांचा गर बटरक्रीममध्ये घालत असे. दोन चमच्यांपर्यंत रंग सुंदर आणि चव जवळपास शून्य. चौथ्या चमच्याला भांड्याच्या कडेने गुलाबी पाणी सुटलं आणि मधे दाणेदार गोळे. स्ट्रॉबेरीत 90 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, मग दुसरं काय होणार? गर आटवून पाहिला, तर जॅमची चव आली. जॅम वाईट नाही, पण मला ताजं फळ हवं होतं. उत्तर मिळालं फ्रीझ-ड्राइड स्ट्रॉबेरीत. यात फळ गोठवून निर्वात जागेत ठेवतात, त्यातल्या बर्फाची वितळल्याशिवाय थेट वाफ होते, उष्णतेने शिजणं होतच नाही. म्हणून ताज्या फळाचा आंबटगोड वास टिकून राहतो. 225 ग्रॅम बटर आणि 400 ग्रॅम आयसिंग शुगरला मी 25 ग्रॅम फ्रीझ-ड्राइड फळं घेते, आयत्या वेळी पूड करते आणि बिया चाळून काढते. आयत्या वेळी यासाठी, की ही पूड हवेतली ओल भराभर ओढून घेते आणि अर्ध्या तासात तिचे खडे होतात. पुडीमुळे क्रीम घट्ट होतं, तेव्हा चमचाभर दूध चालतं. शेवटी चिमूटभर ताजी कुटलेली मिरी. मिरी तिखट लागायला नको, स्ट्रॉबेरीच्या मागे तिचा नुसता सुगंध राहायला हवा.

आता चहा, कारण सगळ्यात जास्त प्रश्न त्याच्यावरच येतात. अर्ल ग्रे हा काळा चहाच, त्याला बर्गमॉट नावाच्या लिंबूवर्गीय फळाच्या सालीच्या तेलाचा वास दिलेला असतो. तो चहा पाण्यात उकळून, आटवून घातला की क्रीम तुरट होतं. तुरटपणा आणणारी टॅनिन्स पाण्यात उतरतात, स्निग्धात जवळजवळ उतरत नाहीत. आणि सुगंधी तेलांचं बरोबर उलटं, ती स्निग्धात सुखाने विरघळतात. तेव्हा पाण्याला मधून काढून टाकायचं आणि पत्ती थेट बटरमध्ये भिजवायची. 250 ग्रॅम बटर मंद आचेवर वितळवा, दोन मोठे चमचे पत्ती घाला, पाच मिनिटं गरम राहू द्या, मग आच बंद करून झाकण ठेवून अर्धा तास विसरून जा. पुन्हा कोमट करून बारीक गाळणीतून दाबून गाळा. पत्ती थोडं बटर पिऊन टाकते, म्हणून सुरुवातीलाच 25 ग्रॅम जास्त धरायचं. यानंतर घाई अंगाशी येते. वितळलेलं बटर कितीही फेटलं तरी फुलत नाही. ते परत थिजून, बोट टेकवल्यावर खळगा पडेल पण बोट आत घसरणार नाही इतकं मऊ व्हायला हवं. तेवढं झालं की नेहमीसारखं फेटा.

कॉफीलाही हाच न्याय, फक्त तिथे बटरऐवजी क्रीम आणि गरम ऐवजी गार. 250 मिली थंड व्हिपिंग क्रीममध्ये 30 ग्रॅम अख्ख्या भाजलेल्या कॉफीबिया टाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवते. दळायच्या नाहीत, जेमतेम ठेचल्या तरी रंग उतरतो. सकाळी गाळून, साखर घालून फेटलं की पांढरंशुभ्र क्रीम तयार होतं. डोळ्यांना व्हॅनिला दिसतं आणि जिभेला कॉफी लागते. हे पहिल्यांदा खाणारा माणूस घास तोंडात धरून थांबतो, परत केककडे बघतो. ते बघायला मला मनापासून आवडतं. हेच क्रीम गनाशसाठी, म्हणजे क्रीम आणि चॉकलेटच्या मिश्रणासाठी, वापरायचं असेल तर गाळल्यावर पुन्हा वजन करा आणि बियांनी शोषलेलं तेवढं क्रीम वरून भरा, नाहीतर चॉकलेटचं प्रमाण चुकतं.

खरपूस बटर मात्र माझं सगळ्यात लाडकं, त्यामुळे त्यावर थोडा वेळ घेते. फिकट तळाचं पातेलं घ्या. काळ्या तळात रंग कळत नाही आणि इथे सगळा खेळ रंगाचा आहे. मध्यम आचेवर बटर वितळतं, मग तडतडायला लागतं. तो आवाज आतलं पाणी उडून जाण्याचा. हळूहळू तडतड कमी होते, वर बारीक पांढरा फेस दाटतो आणि खाली काय चाललंय ते दिसेनासं होतं. इथून पुढे हात हलता ठेवायचा आणि नाक जागं. दुधातली प्रथिनं आणि दुधातली साखर तळाशी भाजली जात असते, आधी बिस्किटांसारखा वास येतो, मग भाजलेल्या हेझलनटसारखा. त्या दुसऱ्या वासाला पातेलं उतरवायचं आणि लगेच सगळं, तळाच्या बेरीसकट (तूप कढवताना खाली उरते तीच), दुसऱ्या भांड्यात ओतायचं. पातेल्यातच राहिलं तर तापलेला तळ अर्ध्या मिनिटात ती बेरी जाळतो आणि कडवटपणा मग कशानेच झाकला जात नाही. बेरी गाळून टाकू नका. चव तिच्यातच आहे. क्रीममध्ये तिचे तपकिरी ठिपके दिसतात, ते दिसायलाच हवेत. बटर वितळल्यावर त्यात मोठा चमचाभर दूध पावडर घातली तर बेरी कितीतरी जास्त मिळते. एक हिशेब मात्र लक्षात ठेवा. पाणी उडाल्यामुळे बटरचं वजन घटलेलं असतं आणि तेवढं पाणी नसलेलं बटरक्रीम कोरडं, रवाळ लागतं. पुन्हा थिजवून फेटताना दोन-तीन चमचे दूध घातलं की ते परत मऊ होतं.

पुढचा प्रश्न हमखास असतो, "मी पण चहा मुरवला, पण लागलाच नाही." बहुतेक वेळा दोष चहाचा नसतो, साखरेचा असतो. बटरच्या दुप्पट आयसिंग शुगर घालून केलेलं साधं बटरक्रीम इतकं गोड असतं की नाजूक वास त्याखाली दबून जातो. स्ट्रॉबेरीला ते चालतं, तिच्यात आंबटपणा आहे. काळे तीळ, खरपूस बटर यांनाही चालतं. चहा, केशर, फुलांचे वास यांच्यासाठी मी स्विस मेरँग बटरक्रीम करते: 120 ग्रॅम अंड्याचा पांढरा बलक आणि 240 ग्रॅम साखर गरम पाण्याच्या भांड्यावर ढवळत 71 अंश सेल्सियसपर्यंत न्यायची, भांडं गार लागेपर्यंत फेटायचं, मग 340 ग्रॅम मऊ बटर थोडं थोडं. मधेच ते फाटल्यासारखं दिसलं तर घाबरू नका. बहुतेकदा बटर जास्त गार असतं, फेटत राहा, जुळून येतं. पातळ पडलं असेल तर पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून परत फेटा.

अंडं नको असेल तर मैदा-दूध शिजवून केलेलं फ्रॉस्टिंग, ज्याला अर्माइन म्हणतात. रेड व्हेल्व्हेट केकला पूर्वी हेच लावत. 250 मिली दूध, 200 ग्रॅम साखर, 35 ग्रॅम मैदा घोटून खिरीसारखं घट्ट करायचं, पूर्ण गार करायचं आणि फेटलेल्या 225 ग्रॅम बटरमध्ये मिसळायचं. इथे दूध आधीच हाताशी असल्यामुळे मुरवायला रान मोकळं. न्यूयॉर्कच्या मिल्क बार या बेकरीच्या क्रिस्टिना टोसी यांनी भाजलेले कॉर्नफ्लेक्स दुधात भिजवून, गाळून त्या दुधाचे गोड पदार्थ केले आणि ते गाजले. तसं दूध अर्माइनमध्ये घालून बघा. लहानपणी वाटीच्या तळाशी उरलेलं दूध आठवेल.

काही वासांच्या बाबतीत हात आखडताच घ्यावा. लव्हेंडर चमचाभर झालं की साबण खाल्ल्यासारखं वाटतं, आणि ते नुसतं वाटणं नाही. त्यातलं लिनलूल हे सुगंधी द्रव्य साबणांतही असतं. पाव लिटर क्रीमला अर्धा लहान चमचा सुकी फुलं पुरे. रोझमेरी पंधरा मिनिटांत काढून घ्या, नाहीतर औषधाकडे झुकते. मिरचीचा तिखटपणा स्निग्धात उतरतो आणि जिभेवर उशिरा चढतो, तेव्हा चाखल्यावर मिनिटभर थांबूनच पुढची चिमूट घाला. आणि फुलं खाण्यासाठी म्हणून वाढवलेलीच घ्या. सजावटीच्या गुच्छांतल्या फुलांवर कीटकनाशकं असू शकतात.

मीठ मात्र सगळ्यात. एवढ्या क्रीमला पाव लहान चमचा बारीक मीठ. मीठ कडवटपणा दाबतं, त्यामुळे कॉफी, तीळ, खरपूस बटर यांची चव लगेच पुढे येते.

इसेन्सचं म्हणाल तर माझा त्यावर राग नाही. व्हॅनिलाची बाटली माझ्याही फळीवर आहे. तिच्यातलं व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा मुख्य वास देणारं द्रव्य, 1874 साली टीमान आणि हारमान या दोन जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी पाइनवर्गीय झाडांत सापडणाऱ्या द्रव्यापासून बनवलं, तेव्हापासून ते जगभरच्या केकमध्ये आहे. पण बाटली एकच सूर लावते. भिजवलेल्या पत्तीत, भाजलेल्या बेरीत दहा सूर असतात.

पहिल्यांदा करणार असाल तर अख्ख्या केकवर प्रयोग करू नका. साधं बटरक्रीम करा, चार वाट्यांत दोन-दोन चमचे काढा. एकीत लिंबाच्या सालीचा किस साखरेबरोबर बोटांनी चोळून घाला. साखर ओल्या वाळूसारखी झाली, बोटं पिवळी पडली की तेल सुटलं. दुसरीत काळ्या तिळाची पेस्ट, तिसरीत खरपूस बटरची बेरी, चौथी तशीच ठेवा. चमच्याने चाखू नका, स्पंजच्या तुकड्याला लावून खा, आणि क्रीम फ्रिजमधलं गार असताना तर नाहीच, गारव्याने गोडी आणि वास दोन्ही मंदावतात. एक तुकडा झाकून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी परत खा. कुठल्या वाटीत किती घातलं ते मात्र लगेच लिहून ठेवा.