रुटाइलवरच्या रिकाम्या जागा

दिवाळीआधी इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी भिंतींना पांढरा रंग लागत होता, तेव्हा आत्याने विचारले, "तुला त्या यंत्रात अणू खरेच दिसतात का रे?" भिंतीवरच्या रंगाला शुभ्रपणा देणारा टायटॅनियम डायऑक्साइड हाच माझ्या अभ्यासाचा विषय असल्यामुळे तिला नीट उत्तर देणे मला आवश्यक वाटले.

माझ्याकडचा स्फटिक रुटाइलचा, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडच्या एका स्फटिकरूपाचा आहे. निर्वात कक्षात आर्गॉनच्या आयनांचा मारा करून तो वारंवार तापवला, की काही ऑक्सिजन निघून जातो आणि पारदर्शक स्फटिक निळा पडू लागतो. त्याच्या '११०' पृष्ठावर (हा आकडा स्फटिक कोणत्या दिशेने कापला ते सांगतो) ऑक्सिजनच्या रांगा सेतूसारख्या वर आलेल्या असतात आणि दोन रांगांमधील अंतर ६.५ अँगस्ट्रॉम असते (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). आत्या म्हणत होती ते यंत्र म्हणजे क्रमवीक्षण सुरंगन सूक्ष्मदर्शी (एसटीएम); त्यात एक अतिटोकदार सुई पृष्ठाच्या अगदी जवळून फिरवून चित्र काढतात. या चित्रात मात्र याच उंच रांगा काळ्या दिसतात आणि खालच्या टायटॅनियमच्या रांगा उजळतात, कारण सुईतून येणारे इलेक्ट्रॉन टायटॅनियमच्या रिकाम्या अवस्थांमध्ये शिरतात. म्हणजे चित्रात उमटते ती केवळ अणूंची उंची नव्हे. इलेक्ट्रॉनांना कोठे जागा मिळते, तेही त्यात मिसळलेले असते.

सेतूतला एखादा ऑक्सिजन नसला, तर काळ्या रांगेवर उजळ ठिपका येतो. शंभरातल्या पाच-दहा जागा अशा रिकाम्या असणे नेहमीचेच आहे. अडचण पुढे येते. कक्षात उरलेल्या पाण्याचा रेणू त्या जागेत शिरून फुटतो, एका रिकाम्या जागेऐवजी दोन हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, तयार होतात आणि त्यांचेही ठिपके त्याच रांगेवर, किंचित अधिक उजळ, असे दिसतात. माझ्या मते या पृष्ठावरची सर्वांत घातक चूक हीच, कारण रिकाम्या जागा मोजल्या असे समजून आपण पाण्याचे अवशेष मोजत राहतो. सुईखाली सुमारे ३ व्होल्टचा विद्युतदाब दिला, की हायड्रोजन उडून जातो आणि खरी रिकामी जागा तशीच राहते. ही खात्री केल्याशिवाय मी आकडा लिहीत नाही.

आमच्याच शहरातल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात २.५ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टचा इंडस-२ आहे; वेगवान इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरवून तीव्र क्ष-किरण देणारा हा सिंक्रोट्रॉन स्रोत. तशा स्रोताच्या क्ष-किरणांनी प्रकाश-उत्सर्जन, म्हणजे किरणांमुळे बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन, मोजले, तर इलेक्ट्रॉन मिळालेल्या टायटॅनियमची खूण वर्णपटात वेगळी उमटते, परंतु ती लक्षावधी जागांची सरासरी असते. एकेक जागा पाहायची, तर सुईच हवी, आणि पाणी ती बुजवण्याआधीच पाहायला हवी; म्हणून प्रत्येक चित्राखाली मी स्फटिक तापवून किती मिनिटे झाली, तेही नोंदवतो.