सहाजणांच्या गाडीत चौघं

निघायच्या दोन महिने आधी मी गच्चीवर खडूने एक लांबट चौकोन आखला. पावणेसात मीटर लांब आणि दोन मीटरहून थोडा जास्त रुंद. पुढे केबिन, तिच्या मागे समोरासमोर बाकं, मग ओटा आणि शेवटी बाथरूम. न्यूझीलंडमध्ये भाड्याने घ्यायच्या मोटरहोमचा, म्हणजे चाकांवरच्या घराचा, नकाशा समोर ठेवून मी सगळं तिथे उतरवलं. गाडी चौघांसाठी आहे असं लिहिलेलं होतं आणि आम्ही चौघंच होतो: आई, बाबा, नवरा आणि मी. दोघांचा बिछाना केबिनच्या वर, शिडीने चढायचा. दोघांचा खाली, रात्री बाकं जोडून करायचा.

आई खडूच्या बाकांपाशी उभी राहिली, आजूबाजूला बघितलं आणि म्हणाली, "अगं, आम्ही इथे झोपल्यावर तुम्ही वरून उतरणार कुठे? माझ्या पायांवर?"

त्या एका प्रश्नाने आमची गाडी बदलली.

चौघांची गाडी म्हणजे चौघं आडवे होऊ शकतील अशी गाडी, एवढाच त्या आकड्याचा अर्थ असतो. चौघांपैकी एकाला पहाटे पाचला जाग येते, एकाला रात्री दोनदा उठावं लागतं, एकाला शिडी चढणं शक्य नाही, हे त्या आकड्यात कुठेच नसतं. बाबा रोज पाचला उठतात. ते बसणार कुठे? ज्या बाकावर बसायचं, त्यावरच आई झोपलेली.

मग मी 7.2 मीटरची, सहाजणांची गाडी आखली. तिच्यात केबिनमागे बाकं, मधे ओटा आणि बाथरूम, आणि अगदी मागे आणखी एक बैठक, जिचा रात्री मोठा पलंग होतो. मागचा पलंग आई-बाबांना, वरचा आम्हाला. पुढची बाकं रात्रंदिवस बाकंच राहणार. बाथरूम दोन्ही बिछान्यांच्या मधे, म्हणजे कोणालाही कोणाला ओलांडून जायला नको. दोन जागा वाया जातील असं नवरा म्हणत होता. पण प्रवासात सगळ्यात जास्त कामाला आल्या त्या याच दोन जागा.

प्रकारांच्या नावांनी आधी माझा बराच गोंधळ झाला होता, म्हणून तेवढं सांगते. तयार डिलिव्हरी व्हॅनच्या पत्र्याच्या अंगातच घर बसवलं की ती कॅम्पर व्हॅन. ती अरुंद असते. फियाट ड्यूकाटोवरची असेल तर बाहेरून 2.05 मीटर. चासीवर, म्हणजे गाडीच्या नुसत्या सांगाड्यावर, वेगळी पेटी बांधली की रुंदी सव्वादोन-अडीच मीटरच्या आसपास जाते, भिंती सरळ उभ्या राहतात आणि त्यामुळे कपाटं खरीखुरी मिळतात. या पेटीला केबिनवर कपाळासारखा पुढे आलेला बिछाना असू शकतो. तो नसेल तर छप्पर उतरतं असतं, वारा कमी लागतो आणि डिझेलही कमी जातं. अमेरिकन माहिती वाचताना जपा. त्यांचा क्लास ए म्हणजे जवळजवळ बस, बी म्हणजे व्हॅन आणि सी म्हणजे केबिनवर बिछाना असलेली. अक्षरांचा क्रम आकाराच्या क्रमाने लागत नाही. युरोपात ज्याला ए-क्लास म्हणतात ती गाडी तर पुष्कळदा अमेरिकन ए-क्लासपेक्षा बरीच आखूड असते.

क्राइस्टचर्चला गाडी ताब्यात घेतली तेव्हा नोव्हेंबर होता. न्यूझीलंडमध्ये मोटारीच्या साध्या परवान्यावर 6,000 किलोपर्यंतची गाडी चालवता येते, म्हणून वेगळ्या परवान्याची गरज पडली नाही. पण भारासकट धरलेलं एकूण वजन 3,500 किलोच्या वर असेल, तर मोकळ्या रस्त्यावरची मर्यादा ताशी 100 ऐवजी 90 किलोमीटर होते. आमची गाडी त्याहून जड होती. मला त्याचं काही वाटलं नाही. कँटरबरीच्या सपाट मैदानात वायव्येचा वारा सुटला, तेव्हा नव्वदसुद्धा जास्त वाटले. तीन मीटरहून उंच, सपाट बाजूची पेटी म्हणजे शीडच. समोरून ट्रक गेला की आधी गाडी बाहेर ढकलली जाते, मग त्याच्याकडे ओढली जाते. पहिल्या दिवशी माझे खांदे दुखून आले. तिसऱ्या दिवसापर्यंत हात सरावले.

टेकापोच्या तळ्याकाठी ल्युपिनची जांभळी-गुलाबी फुलं नुकतीच भरात आली होती. तिथून पुकाकी तळ्याच्या कडेकडेने आओराकी म्हणजे माउंट कुकच्या पायथ्याला, व्हाइट हॉर्स हिलच्या तळावर गेलो. समोर 3,724 मीटरचं शिखर, आणि आजूबाजूला विजेचा एकही खांब नाही. गाडी निवडताना मी विचारायला विसरले असते तर फजिती करणारा प्रश्न इथे उपयोगी पडला: गाडीतला हीटर कशावर चालतो? पुष्कळ गाड्यांतला हीटर बाहेरची वीज जोडली तरच चालतो. आमचा डिझेलवर चालणारा होता, पंख्यापुरती वीज गाडीतल्या घरासाठीच्या वेगळ्या बॅटरीतून घ्यायचा. बाहेर पारा शून्याकडे निघालेला आणि बाबा पहाटे पाचला पुढच्या बाकावर स्वेटरशिवाय बसून डोंगरावर उजाडताना बघत होते. मी वरून डोकावले तर हळूच म्हणाले, "झोप तू. मी आहे इथे." मागे आई गाढ झोपली होती.

पाण्याचं गणित मात्र मोठ्या गाडीनेही सुटत नाही. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे टाकी हवी तेवढी मोठी करता येत नाही. न्यूझीलंडमध्ये रस्त्याकाठी मोकळ्यावर राहायचं तर बहुतेक ठिकाणी गाडीला स्वयंपूर्ण असल्याचं प्रमाणपत्र लागतं: बाहेरून पाणी न घेता आणि काही न ओतता 3 दिवस राहता आलं पाहिजे. 2023च्या कायद्याने टॉयलेट गाडीत पक्कं बसवलेलं असणंही आवश्यक केलं. बिछाना अंथरलेला असतानाही ते वापरता आलं पाहिजे, असाही दंडक आहे. तो वाचला तेव्हा मला आईची गच्चीवरची हरकत आठवली. कागदावर 3 दिवस असले तरी चौघांत टॉयलेटची पेटी दोन दिवसांत भरायची. डंप स्टेशनवर जाऊन ती रिकामी करणं, धुणं, सांडपाणी सोडणं, ताजं पाणी भरणं हे काम नवरा आणि बाबांनी अंगावर घेतलं. दोघांची जोडी अशी जमली की आम्हा मायलेकींना त्या नळीला हात लावू देईनात.

लांबीचा खरा त्रास हमरस्त्यावर होत नाही, वळून निघताना होतो. मागच्या चाकांमागे गाडीचा बराच भाग लोंबता असतो. तुम्ही उजवीकडे वळलात की शेपूट डावीकडे झुकतं. एका तळावरून निघताना मी लाकडी खांबाच्या फार जवळून वळले आणि मागच्या कोपऱ्यावर हातभर ओरखडा आला. तेव्हापासून गाडी हलायच्या आधी कोणीतरी खाली उतरायचंच, हा नियम झाला. वानाकाहून क्वीन्सटाउनला जाताना 1,076 मीटरवरून जाणारा क्राउन रेंजचा रस्ताही मी सोडला. पलीकडची उतरती वळणं या लांबीने घ्यायचं धाडस झालं नाही. क्रोमवेलवरून, कावाराऊच्या घळीतून गेलो. क्वीन्सटाउनच्या मध्यवस्तीत गाडी लावायला जागा शोधण्यातच अर्धी दुपार गेली. ज्यांचा प्रवास शहराशहरांतून आहे, त्यांना मी एवढी मोठी गाडी कधीच सुचवणार नाही.

पण मिलफर्ड साउंडला, उंच कड्यांमधे शिरलेल्या समुद्राच्या खाडीपाशी, सगळं भरून निघालं. तिथे वर्षाला 6,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. होमरचा बोगदा, 1954 साली उघडलेला, मिलफर्डकडे दहास एक उताराने जाणारा, ओलांडला आणि दोन्ही कड्यांवरून शेकडो धबधबे एकदम सुटलेले दिसले. परतताना कॅस्केड क्रीकला मुक्काम केला आणि पाऊस दीड दिवस थांबला नाही. जरा उघडीप झाली की सँडफ्लाय नावाच्या चावऱ्या माश्या. गाडी लहान घेऊ, बसायचं तर बाहेर खुर्च्या टाकू, असं लोक सहज म्हणतात. इथे बाहेर बसणं शक्यच नव्हतं. त्या दीड दिवसात आई मागच्या बैठकीवर विणत होती, बाबा आणि नवरा पुढे पत्ते खेळत होते आणि मी मधे ओट्यापाशी उभी होते. मला तेवढं एकटेपण हवंही होतं. चौघंही दीड दिवस एकमेकांवर चिडलो नाही.

मोठ्या गाडीची एक उणीव मला शेवटपर्यंत बोचली. मागे बसणाऱ्यांना पट्टा लावून बाकावरच बसावं लागतं आणि तिथून समोरचा रस्ता दिसत नाही, फक्त बाजूची खिडकी. म्हणून दर तासाने आम्ही पुढची खिडकीची जागा बदलली. बर्थ किती ते सगळे विचारतात. पट्टे असलेल्या जागा किती आणि त्या कुठे, हेही बुक करण्याआधी विचारा.

दोन वर्षांनी आम्ही दोघंच पश्चिम किनाऱ्याला गेलो तेव्हा 6 मीटरची व्हॅन घेतली. तिचा पलंग मागे, गाडीच्या रुंदीत आडवा, कायमचा. भिंतीकडच्याला उठायचं तर दुसऱ्याला ओलांडावं लागतं, म्हणून रात्री उठणारी मी दाराकडे झोपले. शॉवर आणि टॉयलेट एकाच कपाटाएवढ्या जागेत, त्यामुळे अंघोळीनंतर सगळं पुसायचं. त्याहून आखूड, साडेपाच मीटरच्या आतली व्हॅनही बघितली होती. शहरात ती छानच वागली असती, पण नकाशातल्या त्या गाडीत रोज सकाळी पलंग मोडून टेबल लावायचं होतं. हास्ट खिंडीतला एकेरी पूल उतरून आम्ही किनाऱ्याला पोचलो आणि पाऊस सुरू झाला. सकाळी मी उठले तेव्हा नवरा झोपलेला होता. मी केबिनची खुर्ची मागे फिरवून ओट्याकडे तोंड केलं, गॅसवर पाणी ठेवलं. त्याला उठवायची गरज पडली नाही.