मेळाव्यातला ईयोब

नाताळ आटोपला की आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, सगळ्यांना वेध लागायचे वार्षिक मेळाव्याचे, दोन दिवस नुसती धमाल. नगरमध्ये १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचं काम, त्यामुळे आसपासच्या गावांत पण जुन्या मंडळ्या, तिकडून सगळे यायचे, मग चर्चपुढे मांडव, पेटी-तबल्यावर भजनं, संडेस्कूलच्या पोरांची वचन पाठांतराची स्पर्धा आणि दुसऱ्या दिवशी प्रीतिभोजन. पण मला अजून लख्ख आठवतं ते पहिल्या रात्रीचं नाटक, त्यातही ईयोबाचं, बायबलमधला तो भला माणूस, ज्याच्यावर काही चूक नसताना संकटं कोसळतात.

त्यात देवाचा आवाज व्हायचे आमचे गुरुजी, पडद्यामागे माईक घेऊन. वावटळीतून देव ईयोबाशी बोलतो तो भाग, ईयोबाच्या पुस्तकातले ३८ ते ४१ असे चार अध्याय, गुरुजींना तोंडपाठ होते. मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास, समुद्राला दारं लावून कोणी कोंडलं, मृगशीर्षाचे बंध तुला सोडता येतात का, रानबकरी कधी विते ते तुला माहीत आहे का, प्रश्नावर प्रश्न, आणि मांडवात लहान पोरंसुद्धा चिडीचूप.

मला मात्र राग यायचा. ईयोबाची दहा लेकरं गेली, ७००० मेंढरं, ३००० उंट सगळं गेलं, अंगभर फोडं, तो बिचारा विचारतोय का म्हणून आणि देव त्याबद्दल एक शब्द बोलत नाही! सुरुवातीला देवाचं सैतानाशी ईयोबाची परीक्षा घेण्यावरून बोलणं झालं ते पण ईयोबाला शेवटपर्यंत कळत नाही. हे मी सकाळच्या बायबल क्लासला विचारलंच. तर गुरुजींनी बायबलमधल्या मार्कच्या पुस्तकाचा १४ वा अध्याय उघडायला लावला, येशूला पकडायच्या आधीची रात्र, गेथशेमाने बागेत येशू म्हणतो बापा तुला सर्व काही शक्य आहे, हा प्याला माझ्यापासून दूर कर, आणि लगेच पुढे म्हणतो तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको. प्याला म्हणजे पुढ्यातलं दुःख आणि मरण, तो काही दूर झाला नाही. मग प्रेषित पौलाचा काटा, म्हणजे त्याला छळणारा शरीरातला त्रास, तो काढ म्हणून त्याने देवाला तीनदा विनंती केली, काटा तसाच, उत्तर आलं माझी कृपा तुला पुरे आहे. देवाला सर्व शक्य आहे हे वचन आम्हाला बालवर्गापासून पाठ, पण त्याच्या शेजारी ही दोन वचनं ठेवून वाचायला गुरुजींनीच शिकवलं.

आणि ईयोबाचे ते मित्र! अलीफज, बिल्दद, सोफर. सात दिवस सात रात्री ते ईयोबाजवळ नुसते बसून राहिले, तोवर ठीक होतं, तोंड उघडलं आणि तुझंच काहीतरी पाप असणार सुरू झालं. शेवटी देव रागावतो तो त्यांच्यावर, देवाची बाजू घेऊन बोलले तरी! एका वर्षी मेळाव्याच्या तोंडावर आमच्याकडच्या एका काकूंचा तरुण मुलगा गेला, लोक भेटायला जाऊन कारणं सांगायला लागले, तेव्हा गुरुजींनी भर उपासनेत ईयोबाचा ४२ वा अध्याय, देव त्या मित्रांवर रागावतो तो, वाचला आणि खाली बसले. त्यानंतर बायका काकूंकडे जायच्या, स्वयंपाक करायच्या, जेवायला घालायच्या, बोलायचं काही नाही. मला वाटतं त्या मेळाव्यात ईयोब खरा कळला.

आता मेळावा एका दिवसावर आलाय, नाटक बंद झालंय, क्विझ आणि डान्स जास्त. पोरांचा उत्साह बघून बरं वाटतं, पण ईयोब राहून जातो याची खंत आहे. चार अध्याय नाही तर नाही, निदान ३८ वा तरी पाठांतराला ठेवा असं पाळकसाहेबांना सांगितलंय, माईकवर म्हणायला मी तयार आहे.