चकावरचं जुनं ग्रीस काढताना

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपचा माल विकायला निघाला, तेव्हा मी आठ इंची थ्री-जॉ चक, म्हणजे लेथवर काम धरून फिरवणारा तीन जबड्यांचा (जॉ) पकडा, आणि भोक नेमक्या मापाला आणणाऱ्या रीमरचा एक संच उचलला. दोन्ही कोरे, मेणकागदात गुंडाळलेले. गंज लागू नये म्हणून थापलेलं ग्रीस इतक्या वर्षांत वाळून, पातेल्याच्या काठाला धरलेल्या काकवीसारखं तपकिरी आणि चिवट झालं होतं.

पहिल्या दिवशी घाई नडली. चक वरवर पुसला, लेथवर, म्हणजे काम फिरवून कातायच्या यंत्रावर चढवला, घासून साइझला आणलेला बार धरून डायल (फिरताना बार किती हलतो ते दाखवणारं काट्याचं मापक) लावला, तर काटा 0.15 मिलिमीटर झुलतोय, म्हणजे बार मध्यावर धरला जात नव्हता. मालच खराब दिला म्हणून विकणाऱ्यावर चिडलो. चक उतरवल्यावर कळलं, चक लेथला जोडणाऱ्या बॅकप्लेटला तो टेकतो त्या खोबणीत नखाएवढा ग्रीसचा पापुद्रा तसाच होता.

माझे काका मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. संध्याकाळी गाळ्यावर आले, चक हातात घेऊन आतून बोट फिरवलं आणि बोट माझ्यासमोर धरलं. "वरनं चकचकीत केलास, खरं आत बघ की. स्टोअरमधनं निघालेल्या रायफलच्या नळीत ग्रीस राहिलं आणि तशीच गोळी झाडली, तर नळी फाटते." मग त्यांनी सुतळीला कापडाची चिंदी बांधून बॅकप्लेटच्या भोकातून ओढून दाखवली. फौजेत ह्याला पुलथ्रू म्हणतात. तिसऱ्या चिंदीलाही तपकिरी रंग येतच होता.

शेजारच्या गाळ्यातला पोरगा बाटलीत पेट्रोल घेऊन आला, "पाच मिनिटांत निघतंय." मी बाटली परत पाठवली. आमच्या लायनीत दिवसभर ग्राइंडर आणि वेल्डिंग चालू असतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरपटत लांब जाते, आणि उणे 40 अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. रंगाच्या दुकानात मिळणारं मिनरल टर्पेंटाइन त्या मानाने सावकाश उडतं, तरी तेही ज्वालाग्राहीच. म्हणून ट्रे बाहेर पत्र्याखाली मांडला, वारा पाठीवरून येईल असा बसलो, नायट्राइलचे हातमोजे आणि चष्मा घातला. मृगाचा पाऊस होता, हवा थंड होती. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी मी हे काम काढणार नाही.

आधी लाकडी पट्टीने जाड थर खरवडला. पत्र्याची पट्टी लावली असती तर टेकायच्या जागेवर ओरखडे पडले असते. मग चक खोलला. जॉवर 1, 2, 3 आकडे असतात आणि तेच खोबणीवरही, म्हणून काढतानाच क्रमाने मांडून ठेवले. स्क्रोलच्या, म्हणजे जॉ आत-बाहेर सरकवणाऱ्या आतल्या चकतीच्या, दातांत टर्पेंटाइन सोडून वीस मिनिटं मुरू दिलं आणि टूथब्रशने एकेक वळसा घासला. वेळ सगळा इथेच गेला. ब्रश बाहेर आला की त्याच्या केसांत ग्रीसच्या चिवट तारा लोंबायच्या. चिंदी पांढरी निघेपर्यंत थांबलो नाही. रीमरना मात्र फार वेळ लागला नाही. धारेवर बोट न लावता, खोबणीच्या दिशेने ब्रश.

भिजलेल्या चिंध्यांचा ढीग केला नाही. तारेवर मोकळ्या पसरून वाळवल्या आणि झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या. गढूळ टर्पेंटाइन गटारीत ओतलं नाही, कारण आमच्या मागच्या गल्लीत अजून विहिरीचं पाणी भरतात. बरणीत दोन दिवस निवळू दिलं. वरचं पुढच्या धुण्याला, खालचा गाळ वापरलेल्या तेलाच्या ड्रममध्ये.

धुऊन उघडा पडलेला पोलादी भाग पावसाळ्यात रात्रभर तसा ठेवणं म्हणजे गंजाला आमंत्रण. एक जॉ विसरून बाकावर राहिला होता. सकाळी त्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा नारिंगी उमटलेला. तो बारीक एमरीने तेल लावून निघाला, पण त्या दिवसापासून भाग सुकला की लगेच पातळ तेलाचा हात देतो.

चक पुन्हा जोडून तोच बार धरला आणि डायल लावला. 0.04 मिलिमीटर. काकांनी चष्मा वर करून काटा बघितला आणि स्वतः एक फेरी हाताने फिरवली.