जीन केलीच्या पावसात दूध नव्हतं

'सिंगिंग इन द रेन' या हॉलिवूडपटात जीन केली हा नट भर पावसात गात नाचतो. त्या गाण्याचा विषय निघाला की कुणीतरी हमखास सांगतं, "पाऊस कॅमेऱ्यात दिसावा म्हणून पाण्यात दूध कालवलं होतं." ऐकायला झकास, पण थाप आहे. पावसाळ्यात रात्री खिडकीतून बाहेर बघा. रस्त्यावरच्या दिव्याच्या झोतात सरी लख्ख दिसतात आणि चार हात पलीकडे, अंधारात, तोच पाऊस असून नसल्यासारखा. समोरून टाकलेला उजेड थेंबातून बराचसा आरपार निघून जातो, मागून टाकला की थेंब चमकतो. कॅमेरामन हॅरल्ड रॉसनने हेच केलं, दिवे पावसाच्या मागे लावले.

सांगायला सोपं, करायला नाही. नुसता मागून उजेड दिला की नट काळा पडतो. चेहऱ्यासाठी समोरून थोडा द्यावा, तर तो जरा जास्त झाला की सरी फिक्या पडतात. त्यात रस्त्याकडेला दुकानांच्या काचा, त्यांत दिवे दिसता कामा नयेत. आणि टेक्निकलरचा, म्हणजे तेव्हाच्या रंगीत चित्रीकरणाचा, तो अवजड कॅमेरा एकाच वेळी तीन निगेटिव्हवर चित्र घ्यायचा, म्हणजे उजेडाची भूक मोठी.

गाणं रात्रीचं, शूटिंग मात्र दिवसा. 1951 चा जुलै. कल्व्हर सिटी या गावातल्या एमजीएम स्टुडिओच्या आवारातला रस्ता काळ्या ताडपत्रीने झाकून रात्र केली होती. वर पाण्याचे पाइप, आत दिव्यांची धग, आणि केलीच्या अंगात 103 ताप. सूट लोकरीचा, भिजला की आटायचा. दुपार कलली की पाण्याचा दाबच कमी व्हायचा, कारण गावातले लोक त्याच वेळी घरी येऊन हिरवळीला पाणी सोडायचे. हॉलिवूडच्या सर्वांत गाजलेल्या पावसाला नळाच्या वेळा सांभाळाव्या लागल्या, हे आपल्याला तरी नवलाचं वाटू नये.

डबकीही आपोआप साचलेली नाहीत. नाचात पाय जिथे पडणार तिथेच पाणी हवं, म्हणून रस्ता आणि फुटपाथ मोजूनमापून खोदले होते. फुटपाथच्या कडेवरचा तुकडा बघा. एक पाय वर, एक खाली, मग दोन्ही खाली, आणि प्रत्येक वेळी पाणी ठेक्यावरच उडतं. खड्डा इंचभर सरकला असता तर एक तर केली घसरला असता, नाहीतर सम कोरडी पडली असती. 'सगळं गाणं एका टेकमध्ये' ही दुसरी थाप. दिव्याच्या खांबावरची उडी, पन्हाळीखाली उभं राहणं, छत्री उघडी धरून रस्त्यात घेतलेल्या गिरक्या आणि मागे-मागे वर जाणारी क्रेन, हे वेगवेगळे शॉट आहेत. कट मोजता येतात. गाणं आधी ध्वनिमुद्रित केलेलं, पायांचा आवाज नंतर भरलेला. पाण्याच्या त्या धबाबा आवाजात जागेवर टॅप, म्हणजे बुटांचा ठेका, रेकॉर्ड करणं शक्यच नव्हतं.

आवाजावरून आठवलं. या चित्रपटात बेसूर नटी लीनासाठी कॅथी, म्हणजे डेबी रेनॉल्ड्स, पडद्याआडून आवाज देते. प्रत्यक्षात 'वुड यू' हे गाणं गायलंय बेटी नॉइजने. आणि लीनासाठी म्हणून कॅथी जे संवाद बोलते, ते बोललीय जीन हेगन, म्हणजे खुद्द लीनाच! तिचा खरा आवाज उत्तम होता, किरटा तिने भूमिकेसाठी काढला होता. माझ्या मते अख्ख्या चित्रपटातली सर्वांत चलाख गंमत हीच.

केली मूळचा पिट्सबर्गचा, जन्म 23 ऑगस्ट 1912. अर्थशास्त्राचा पदवीधर, घरचा नृत्यवर्ग चालवणारा. 1940 मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर, 'पॅल जोई' या संगीत नाटकाने नाव झालं, 1942 मध्ये गायिका-नटी जूडी गारलंडबरोबर पडद्यावर आला. बांधा खेळाडूचा, त्यामुळे टॉप हॅट आणि टेलकोट त्याला कधी शोभले नाहीत. त्याऐवजी साधी पँट आणि पायांकडे नजर जावी म्हणून पांढरे मोजे. 1947 मध्ये व्हॉलीबॉल खेळताना घोटा मोडला आणि 'ईस्टर परेड' हा त्याचा चित्रपट निवृत्त झालेल्या नर्तक-नट फ्रेड अस्टेअरकडे गेला. अस्टेअरची दुसरी खेळी त्यातूनच सुरू झाली.

जमिनीकडे केलीच्या चित्रपटांत नेहमीच लक्ष ठेवावं. 1945 च्या 'अँकर्स अवे'मध्ये तो कार्टूनमधल्या जेरी उंदराबरोबर नाचतो. आधी केलीचं चित्रीकरण, मग त्यावर चित्रातला उंदीर. काम जमल्यासारखं वाटलं, पण पडद्यावर पाहिल्यावर चूक उघडी पडली. गुळगुळीत फरशीत केलीचं प्रतिबिंब दिसत होतं, जेरीचं नव्हतं. उंदीर तरंगल्यासारखा वाटायचा. मग जेरी पुन्हा काढायला घेतला, या वेळी पायाखाली, उलटा.