आमची वाटचाल : वांग्याचा पत्ता छापणारा छापखाना

जळगाव जिल्ह्यातल्या सावदा-फैजपूरच्या पट्ट्यात छापखाना चालवणाऱ्याचं खरं गिऱ्हाईक एकच, केळी. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ट्रेडल मशीन घेतलं तेव्हापासून आमचं घर केळीच्याच पावत्यांवर चाललं. काटापावत्या, ट्रकच्या बिल्ट्या, केळी ग्रुपची बिलबुकं. पांढरा, गुलाबी, पिवळा असे तीन कागद, मध्ये कार्बन, वर नंबरिंग. लग्नपत्रिकासुद्धा केळीचा भाव बघून ठरायच्या. भाव असला की मखमली पाकीट आणि सोनेरी गणपती, भाव पडला की साधं कार्ड. शिशाच्या अक्षरांचे खिळे जाऊन ऑफसेट आलं, कंपोझिटर जाऊन संगणक आला, तरी गिऱ्हाईक बदललं नाही.

बदललं ते जुलै २०१७ नंतर. जीएसटी आला, व्यापाऱ्यांची बिलं संगणकातून निघू लागली आणि बिलबुकांचं काम बघता बघता निम्म्यावर आलं. पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर गेल्या. २०२० च्या टाळेबंदीत तर लग्नंच पन्नास माणसांची, छापणार काय आणि किती? मशीन विकून मोकळं व्हावं असं घरात बोलणं सुरू होतं.

अशात गावातल्या भिशीच्या बायका एक काम घेऊन आल्या. त्यांना स्मरणिका काढायची होती: प्रत्येकीची एक पाककृती, मागे-पुढे दुकानांच्या जाहिराती, हळदीकुंकवाला वाटायला. आमच्यासाठी ते साधं जॉबवर्क होतं. टायपिंग आमच्या घरचंच माणूस करतं, म्हणजे माझी बायको. भरताच्या पानावर ती थांबली. मजकुरात लिहिलं होतं, ‘बाजारातून चांगली मोठी वांगी आणावीत.’ ती म्हणाली, ‘पुण्याला माझी बहीण हे वाचून जांभळं वांगं आणेल, गॅसवर भाजेल, आणि मग म्हणेल की तुमच्या पुस्तकात दम नाही.’

आमचं पुस्तक इथून सुरू झालं. पाककृती हल्ली मोबाइलवर हव्या तितक्या मिळतात, त्या छापून कोण विकत घेणार? मिळत नाही ती दुसरीच माहिती: माल कुठला, कोणत्या महिन्यातला, आणि हातात घेतल्यावर ओळखायचा कसा. आम्ही त्या बायकांपुढे डमी करून ठेवली. डाव्या पानावर कृती, उजव्या पानावर माल. पहिल्यांदा कुणालाच पटलं नाही. ‘वांगं कसं ओळखायचं हे काय पुस्तकात वाचायचं?’ असं एका आत्यांनी विचारलं. पण त्यांचीच सून सुरतेला राहते, आणि तिच्यासाठी दर हिवाळ्यात ट्रॅव्हल्सने वांग्यांची पिशवी जाते. सुनेचा विषय निघाल्यावर आत्या गप्प झाल्या आणि स्वतःच सांगायला बसल्या.

भरताचं उजवं पान असं तयार झालं. वांगं फिकट हिरवं, त्यावर पांढरट रेघा, साल पातळ, बी कमी, आकाराच्या मानानं हलकं लागलं पाहिजे. जड लागलं तर आत बी भरलेलं आहे असं समजावं. हंगाम थंडीचा. बामणोद, आसोदा ही नावाजलेली गावं. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेही लिहिलं, पण एका ओळीत. मानांकनानं वांगं भाजता येत नाही. भाजायला तुरीच्या नाहीतर कपाशीच्या काड्या लागतात. त्यांचा जाळ भसकन पेटतो, साल करपते आणि धूर गरापर्यंत जातो. मग लाकडी बडजीत ठेचायचं, मिक्सर लावायचा नाही. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात. ‘काड्या नसतील तर?’ या प्रश्नावर बरीच चर्चा होऊन आम्ही छापलं, ‘कोळशावर भाजा. गॅसवर भाजलंत तर खा, पण पाहुण्यांना खानदेशी भरीत म्हणून वाढू नका.’ पुस्तकातली सगळ्यात जास्त फॉरवर्ड झालेली ओळ हीच.

कळण्याच्या भाकरीच्या पानानं आमचा घाम काढला. ज्वारी आणि सालासकट उडीद, दळताना त्यातच खडे मीठ, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत. प्रमाण काय, म्हटलं की भांडण. कुणी चाराला एक उडीद, कुणी दोनाला एक, कुणी ‘हातानं कळतं’. शेवटी गिरणीवाल्याकडे जाऊन बसलो. गावातल्या प्रत्येक घराचं दळण त्याच्या हातून जातं, त्यामुळे कोण किती उडीद घालतं आणि बाहेर किती सांगतं, हे त्याला पक्कं ठाऊक. त्यानं नावं सांगितली नाहीत, पण हिशेब सांगितला: रोज खाणाऱ्या घरात चाराला एक, पाहुणे असले की उडीद वाढतो. आम्ही दोन्ही प्रमाणं छापली. शेतीची माहिती शेतातच मिळते असं नाही, गिरणीवर फार मिळते. हा धडा पुढच्या प्रत्येक पानाला कामी आला.

ज्वारीचं म्हणाल तर कळण्याला आणि बिबड्यांना, म्हणजे ज्वारीच्या पापडांना, आमच्याकडे दादर लागते. रब्बीत तापीकाठच्या काळ्या जमिनीत नुसत्या ओलीवर येणारी ही ज्वारी; दाणा टपोरा, मोत्यासारखा पांढरा, कडबाही गुरांना गोड. तिचं उजवं पान लिहायला निघालो आणि खरी अडचण तिथे कळली. दादर पेरणारे सापडेनात. ज्या शिवारात बोअर लागली, ठिबक आलं, तिथे केळी लागली. पाणी असताना दादर कोण पेरतो? शेतकऱ्याचं यात काही चुकत नाही, मीही तेच केलं असतं. पण बिबडी करणाऱ्या बायका ‘दादर लागतेच’ म्हणतात आणि त्यांच्याच घरची शेतं केळीची आहेत, ही गोष्ट पुस्तकात यायलाच हवी असं आम्हाला वाटलं. म्हणून दादरीच्या पानावर कृतीपेक्षा गावांची यादी मोठी आहे: कुठे अजून पेरतात, मळणी केव्हा होते, वर्षाची बेगमी करायची तर कोणत्या महिन्यात सांगून ठेवायचं.

आणि केळी? पुस्तक बघणारा प्रत्येक जण विचारतो, केळीच्या मुलखाच्या पुस्तकात केळीची पानं इतकी कमी कशी? जळगावच्या केळीलाही २०१६ मध्येच मानांकन मिळालं, गाड्या भरभरून माल उत्तरेला जातो, पण आमच्या स्वयंपाकघरात केळी तशी थोडीच येते. शिकरण झालं, सणावाराचा प्रसाद झाला, रस्त्यावर विकायचे वेफर झाले. केळी हा आमचा पैसा. जेवण वरण-बट्टी, घोटलेली वांगी, फुनके-कढी, गंगाफळ, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरची पुरणपोळी नि आमरस. पूर्वीच्या बसराई आणि श्रीमंती केळीच्या चवीबद्दल म्हातारी माणसं हळहळून बोलतात, ते मात्र एका पानावर घेतलं.

प्रस्तावनेत फैजपूरच्या १९३६ च्या अधिवेशनापासून सुरुवात करावी असा गावातल्या मोठ्या मंडळींचा आग्रह होता. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, नेहरू अध्यक्ष. अभिमान आम्हालाही आहे. पण आमच्या भागावर काहीही लिहायचं म्हटलं की लोक तिथून सुरू करतात आणि तिथेच थांबतात. आम्ही पहिल्या पानावर वांगं ठेवलं.

पैशाचं थोडक्यात सांगतो. मशीन घरचं, कागद मात्र रोखीनं, म्हणून आगाऊ नोंदणी घेतली. आयएसबीएन क्रमांक फुकट मिळतो, छापील पुस्तकावर जीएसटी नाही; बिलबुकांच्या धंद्यात मुरलेल्या माणसाला या दोन गोष्टी चैनीच्या वाटल्या. बायंडिंगला वायरो घातलं, कारण पुस्तक ओट्यावर सपाट उघडं राहिलं पाहिजे, हात पिठाचे असतात. मुखपृष्ठाला तेलासाठी लॅमिनेशन. एका मसाला कंपनीची मागच्या पानाची जाहिरात चांगले पैसे देत होती. आतल्या प्रत्येक भाजीत घरचा काळा मसाला लिहिलेला, मग मागे पाकिटाचा फोटो कसा छापायचा? नको म्हटलं. नाना दोन दिवस बोलले नाहीत.

पहिल्या आवृत्तीत शेतकऱ्यांचे फोन नंबर त्यांच्या संमतीनं छापले होते. पुण्या-नाशिकहून फोन यायचे, तेही भर दुपारी, वांगी तोडून माणूस जरा आडवा झाला की. काही जण वैतागले. दुसऱ्या आवृत्तीपासून गावाचं नाव आणि नंबर छापखान्याचा. त्यामुळे हिवाळ्यात आमच्या काउंटरवर आता प्रुफांच्या शेजारी वांग्यांची क्रेटं असतात. मागणी गोळा करायची, शेतकऱ्याला कळवायची, संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सला पार्सल द्यायचं. दलाली घेत नाही, पिशवी आणि हमालीचे पैसे घेतो. यातून फार सुटत नाही, पण पार्सल नेणाऱ्यांपैकी बरेच जण पुस्तक घेतात, आणि पुस्तक घेणारे पुढे पत्रिका आमच्याकडे टाकतात.

पुस्तकं पाठवण्याचा खर्च मात्र वाढला. छापील पुस्तकांसाठीची पोस्टाची स्वस्त रजिस्टर सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, तेव्हापासून शक्य तिथे पुस्तकही वांग्यांच्याच पार्सलमधून जातं. कागदाला डाग लागतो अशी तक्रार अजून कुणी केलेली नाही.

सध्या तिसऱ्या आवृत्तीचं काम चालू आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या पावसाळी रानभाज्यांचा भाग त्यात नवा आहे. तो लिहायला तिथल्या पावरा आदिवासी बायका बसल्या आहेत, आम्ही फक्त टाइप करतोय. दादरीची यादी पुन्हा तपासायची आहे, कारण त्यातल्या काही शेतांत यंदा केळीची रोपं दिसली. नोंदणी आखाजीपर्यंत खुली राहील. बिलबुकं अजूनही छापून मिळतात.